किराण्याचं बजेट दर महिन्याला कोलमडतं तेव्हा: गळती शोधण्याचा क्रम

ठरवलेली रक्कम पुरली नाही की बहुतेक घरांत पहिला उपाय एकच होतो: पुढच्या महिन्यात हात आखडता घ्यायचा. चार वस्तू यादीतून उडतात, पंधरा दिवस सगळे शिस्तीत वागतात आणि महिनाअखेरीला आकडा पुन्हा होता तिथेच येतो. गळती कुठून होते आहे हे न पाहता केलेली काटकसर टिकत नाही. शिवाय ती हमखास चुकीच्या जागी होते. आधी फळं-भाज्या कमी होतात, पण कपाटात पडून असलेली तीन पाकिटं तशीच राहतात.

म्हणून खालचा क्रम सोडू नका. पहिल्या तीन-चार तपासण्यांना पैसे लागत नाहीत आणि बहुतेक घरांची गळती तिथेच सापडते. पुढे सगळीकडे तुमची महिन्याची रक्कम १०० भाग धरली आहे, म्हणजे आकडे कोणत्याही घराला लावता येतील.

लक्षणं

आपल्या घरात यातलं काय दिसतं ते आधी पाहा. एकाहून जास्त लक्षणं असणं नेहमीचं आहे.

- पहिल्या दहा दिवसांतच निम्म्याहून जास्त रक्कम संपते.
- दोन महिने जुळतं, तिसऱ्या महिन्यात अचानक वर जातं. कारण आठवत नाही.
- महिन्याचा मोठा बाजार ठरल्याप्रमाणे होतो, पण मधल्या लहान फेऱ्यांचा आकडा त्याच्या जवळ पोचतो.
- घरात असलेली वस्तूच पुन्हा विकत आणली जाते.
- दर आठवड्याला फ्रीजमधून काहीतरी टाकावं लागतं.
- सामान तेच, माणसं तीच, तरी वर्षभरात खर्च हळूहळू वाढत गेला आहे.
- शेवटचा आठवडा उधारीवर किंवा क्रेडिट कार्डावर निघतो.

शेवटचं लक्षण असेल तर तपासणी करा, पण या लेखाच्या अखेरचा भाग आत्ताच वाचून घ्या.

१. आकड्यात नेमकं काय धरलं आहे? (अर्धा तास)

मागच्या महिन्याच्या सगळ्या पावत्या, ॲपवरच्या ऑर्डरी आणि ऑनलाइन पेमेंटच्या नोंदी एकत्र काढा. प्रत्येक ओळीपुढे खूण करा: खाण्याचं, स्वच्छतेचं, इतर. कपड्यांचा साबण, टॉयलेट पेपर, शॅम्पू, बॅटरीचे सेल, पाळीव प्राण्याचं खाणं हे सगळं एकाच बिलात येतं. रक्कम ठरवताना डोळ्यांसमोर मात्र फक्त जेवणखाण असतं. इथे फरक निघाला तर बजेट कोलमडलेलंच नाही. दोन वेगळे खर्च एका नावाखाली बसले आहेत, एवढंच. त्यांना दोन रकाने द्या.

याच बैठकीत तारखा पाहा. कार्डाचं बिल महिन्याच्या मध्यापासून पुढच्या मध्यापर्यंतचं असू शकतं आणि बजेट १ तारखेपासून. खर्च नेहमी खरेदीच्या तारखेला धरा, पैसे भरण्याच्या तारखेला नको. नाहीतर २८ तारखेची मोठी खरेदी पुढच्या महिन्यात जाऊन बसते आणि दोन्ही महिन्यांचे आकडे खोटे होतात. डिलिव्हरीचा आकार आणि सदस्यत्वाची फीही धरा. मोफत डिलिव्हरीसाठी नको असलेली वस्तू टोपलीत टाकली असेल, तर तिची किंमत आणि वाचलेला आकार शेजारी शेजारी लिहून पाहा.

२. आठवड्याचं गणित (दहा मिनिटं)

ही चूक इतकी साधी आहे की ती कुणी तपासतच नाही. महिन्याला १०० म्हणून आठवड्याला २५ काढले जातात. पण चार आठवडे म्हणजे २८ दिवस. वर्षात ५२ आठवडे असतात आणि १२ महिन्यांना चारने गुणलं तर होतात ४८. उरलेल्या चार आठवड्यांचं जेवण कुठल्याच हिशोबात नसतं. आठवड्याला २५ काटेकोरपणे पाळले तरी वर्षाचे १३०० होतात आणि बजेट असतं १२०० चं. सव्वाआठ टक्क्यांच्या आसपासची तूट शिस्तीत वागूनही येते.

खरा आकडा काढायला महिन्याच्या रकमेला १२ ने गुणा आणि ५२ ने भागा. १०० ला साधारण २३ येतात.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात अचानक वर जाण्याचं कारणही बहुधा इथेच असतं. खरेदी ठरावीक वारी होत असेल तर वर्षातल्या चार महिन्यांत, क्वचित पाच, तो वार पाच वेळा येतो. कॅलेंडरवर ते महिने आत्ताच गोल करून ठेवा. ३१ दिवसांच्या महिन्यात २८ दिवसांच्या महिन्यापेक्षा जवळपास ११ टक्के जास्त जेवणं होतात, हेही लक्षात असू द्या.

३. फेऱ्यांची कारणं (दोन आठवडे, रोज एक मिनिट)

दुकानात जाणं किंवा ॲप उघडणं, दोन्ही फेरीच. प्रत्येक फेरीनंतर पावतीवरच्या प्रत्येक वस्तूपुढे एक अक्षर लिहायचं:

सं – संपलं म्हणून आणलं.
वि – यादीत लिहायला विसरलो म्हणून आणलं.
दि – समोर दिसलं म्हणून घेतलं.

दोन आठवड्यांनी तिन्हींची बेरीज करा. नुसती फेऱ्यांची संख्या मोजून उपयोग नाही, कारण तिन्ही अक्षरांवरचा उपाय वेगळा आहे. ‘वि’ जास्त असतील तर यादीची जागा चुकते आहे. यादी स्वयंपाकघरात हवी, पेनासकट, आणि डबा रिकामा झाल्यावर नव्हे तर तळ दिसू लागला की लिहायची. ‘सं’ जास्त असतील तर प्रमाणाचा अंदाज चुकतो आहे. त्याचा उपाय पुढच्या तपासणीत येतो. ‘दि’ जास्त असतील तर फेऱ्याच कमी कराव्या लागतील. एका वस्तूसाठी गेलेला माणूस क्वचितच एकच वस्तू घेऊन परततो, आणि त्या जादा वस्तू एकेकट्या पाहिल्या तर अगदी किरकोळ वाटतात.

फेऱ्या एकदम बंद करू नका. दूध, भाजी यांना मध्ये जावंच लागतं. त्यासाठी महिन्याच्या १०० मधले किती भाग ते आधीच बाजूला काढा आणि त्या फेरीला तेवढेच पैसे किंवा वेगळं खातं वापरा.

४. कपाटातला साठा (पहिल्यांदा दोन तास, पुढे महिन्याला वीस मिनिटं)

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. खर्च झालेले पैसे आणि खाल्लेलं सामान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांच्यामध्ये तुमचं कपाट उभं आहे. ते मोजल्याशिवाय महिन्याचा आकडा काहीच सांगत नाही.

महिन्याच्या पहिल्या दिवशी, बाजाराला जाण्याआधी, सगळे डबे, बरण्या, फ्रीज आणि फ्रीझर उघडा. प्रत्येक वस्तू अंदाजे किती उरली ते लिहा आणि शेवटच्या पावतीच्या दराने किंमत लावा. स्वयंपाकघरातला वजनकाटा असेल तर उत्तम, नसेल तर ‘अर्धा डबा’ चालेल. महिनाअखेरीला तेच पुन्हा करा. सूत्र एका ओळीचं आहे:

सुरुवातीचा साठा + महिन्यातली खरेदी – अखेरचा साठा = प्रत्यक्ष वापर

आता दोन महिने शेजारी ठेवून पाहा. पहिल्यात सुरुवातीला ३० भागांचं सामान होतं, खरेदी ११५ ची झाली, अखेरीला ४८ उरले. वापर झाला ९७. बजेट १५ ने ओलांडलं, तरी घराचं खाणं बजेटमध्येच होतं. जादा पैसे कपाटात जाऊन बसले आहेत. पुढच्या महिन्यात तेवढी खरेदी कमी केली की झालं, कुणाच्या ताटातून काही काढायची गरज नाही.

दुसऱ्यात सुरुवातीला ३० होते, खरेदी बरोबर १०० ची, अखेरीला फक्त १० उरले. कागदावर बजेट पाळलं गेलं, पण वापर झाला १२०. हा महिना ‘जुळला’ म्हणून आनंद होतो आणि पुढच्या महिन्यात रिकामे डबे भरताना सगळं कोलमडतं. एक महिना जुळतो, दुसरा नाही, या लक्षणाचं कारण अनेकदा हेच असतं. साठा न मोजता जुळलेल्या महिन्यावर विश्वास ठेवू नका.

मोजताना कपाटाच्या मागच्या रांगेतून एकाच वस्तूची दोन-तीन उघडी पाकिटं निघतील. ती एका डब्यात ओता, जुनं वर आणि नवं खाली. मात्र कीड किंवा कुबट वास असेल तर एकत्र करू नका, चांगलं सामानही जाईल. यापुढे नवं सामान मागे आणि जुनं पुढे ठेवायचं.

आता प्रमाणाचा अंदाज. रोज लागणारी आठ-दहा सामानं निवडा आणि पाकीट उघडाल त्या दिवशी त्यावर मार्करने तारीख घाला. संपेल तेव्हा दिवस मोजा. समजा तेलाचा ५ लिटरचा डबा ३८ दिवस पुरला. ५००० मिलिलिटर भागिले ३८, म्हणजे दिवसाला सुमारे १३० मिलिलिटर. ३० दिवसांना जेमतेम ४ लिटर लागतात. हे घर सवयीने दर महिन्याला ५ लिटर आणत असेल तर दरमहा लिटरभर तेल कपाटात साठत राहतं.

मग डब्यावर ‘आता लिहा’ची खूण करा. खरेदी आठवड्याला होत असेल तर सात दिवस आणि वर तीन दिवसांची सोय, असा दहा दिवसांचा वापर धरा. साखर दिवसाला ५० ग्रॅम लागत असेल तर खूण ५०० ग्रॅमच्या पातळीवर. साखर खुणेखाली गेली की यादीत लिहायची, त्याआधी नाही. खरेदी महिन्याने होत असेल तर महिन्याचा वापर धरावा लागेल आणि डबाही तेवढा मोठा हवा.

५. काय टाकलं जातं? (१४ दिवस)

कचऱ्याच्या डब्याजवळ एक कागद चिकटवा. टाकलेली प्रत्येक खाण्याची वस्तू, अंदाजे प्रमाण आणि कारण लिहा. कारणं चारच ठेवा: जास्त शिजवलं, विसरलं, खराब झालं, आवडलं नाही. सालं आणि देठ मोजू नका.

‘जास्त शिजवलं’ असेल तर मापाचं एक भांडं ठरवा आणि कोणत्या जेवणाला किती मापं लागतात ते लिहून ठेवा. ‘विसरलं’ असेल तर फ्रीजचा डोळ्यांसमोरचा कप्पा फक्त आधी संपवायच्या वस्तूंना द्या. उरलेलं शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जायला हवं आणि तीन-चार दिवसांत संपायला हवं. तेवढ्यात संपणार नसेल तर पहिल्याच दिवशी तारीख घालून फ्रीझरमध्ये टाका. चौथ्या दिवशी टाकून फायदा नाही.

‘खराब झालं’ वारंवार येत असेल तर फ्रीज तपासा. मधल्या कप्प्यात पाण्याचा पेला आणि त्यात थर्मामीटर ठेवा, सकाळी वाचा. ४ अंश सेल्सिअस किंवा कमी हवं, फ्रीझरला उणे १८. जास्त निघालं तर आधी दाराचं रबर पाहा. दारात कागद पकडून बंद करा आणि ओढा. सहज सुटला तर रबर सैल आहे किंवा नुसतं मळलं आहे. साबणाच्या पाण्याने पुसून पुन्हा बघा. मागे हवा खेळायला जागा आहे का, कप्पे गच्च भरलेत का, हेही पाहा. एवढं करून तापमान उतरत नसेल तर थांबा आणि फ्रीजच्या कारागिराला बोलवा. गॅसच्या नळीला आणि विजेच्या भागांना घरी हात लावायचा नाही. आणि फ्रीझरमधला बर्फ सुरीने खरवडू नका, नळी फुटते.

सफरचंद आणि पिकलेली केळी इथिलीन वायू सोडतात, त्याने शेजारच्या पालेभाज्या लवकर पिवळ्या पडतात. त्यांना वेगळं ठेवा. पालेभाजी कोरडी करून कागदात गुंडाळून ठेवली तर जास्त टिकते. बटाटे आणि कांदे एकत्र नकोत.

पाकिटावरच्या तारखाही नीट वाचा. ‘बेस्ट बिफोर’ ही दर्जाची तारीख आहे, ती उलटली म्हणून वस्तू लगेच टाकायची नसते, वास आणि रूप पाहून ठरवा. ‘यूज बाय’ ही सुरक्षिततेची तारीख आहे. तिथे वास पाहून निर्णय घ्यायचा नाही, ती पाळायचीच.

६. दर: पाकिटाचा नाही, किलोचा

ही तपासणी लोक सगळ्यात आधी करतात. आम्ही ती मुद्दाम इथे ठेवली आहे, कारण वापर आणि नासाडी माहीत नसताना दराची तुलना फसवते.

किंमत भागिले ग्रॅम, गुणिले १०००. हा किलोचा दर. प्रत्येक वेळी हाच पाहा, कारण पाकिटाची किंमत तीच ठेवून आतलं वजन घटवलेलं असतं. ५०० ग्रॅमचं पाकीट त्याच किमतीत ४५० ग्रॅमचं झालं की वजन १० टक्क्यांनी घटतं, पण दर ११ टक्क्यांनी वाढतो. पाण्यात किंवा पाकात भिजवलेल्या डबाबंद वस्तूंना निथळलेलं वजन धरा.

मोठं पाकीट किलोमागे २० टक्के स्वस्त असेल तर त्यातलं २० टक्के वाया जाईपर्यंतच ते परवडतं. त्याच्या पुढे लहान पाकीट स्वस्त. पाचव्या तपासणीचा कागद शेजारी घेऊनच हा निर्णय करा. नासणाऱ्या वस्तूंची ‘एकावर एक मोफत’ ऑफर याच मापाने तपासा. न नासणाऱ्या वस्तूंना मात्र खुशाल मोठं पाकीट घ्या, फक्त तो पैसा चालू महिन्याच्या रकमेतून काढू नका. वर्षाच्या घाऊक खरेदीचा अंदाज करून त्याचा बारावा भाग दरमहा वेगळा ठेवा. नाहीतर स्वस्तात केलेली खरेदीच त्या महिन्याचं बजेट मोडते.

७. रक्कमच जुनी झाली आहे का?

नेहमीच्या १५ वस्तू त्यांच्या ठरलेल्या वजनासकट निवडा. बारा महिन्यांपूर्वीच्या पावत्यांवरून आणि आजच्या दराने त्यांची बेरीज करा. टोपली ९ टक्क्यांनी महागली असेल आणि तुमचा खर्चही तेवढाच वाढला असेल, तर घरात गळती नाही. वर्षाला ६ टक्के महागाई धरली तरी तीन वर्षांत १०० चे ११९ होतात. तीन वर्षांपूर्वी ठरवलेला आकडा पुरत नाही म्हणून घरातल्या कुणाला दोष देणं हा सरळ अन्याय आहे. आकडा बदला.

माणसंही मोजा. वाढत्या वयाची मुलं, घरून सुरू झालेलं काम, महिनाभर राहिलेले पाहुणे. घरून काम करणाऱ्याचं दुपारचं खाणं बाहेरच्या खर्चातून उतरून किराण्यात आलेलं असतं. दोन्ही रकाने एकत्र पाहिल्याशिवाय ‘वाढलं’ म्हणू नका.

८. घरातली संमती

सगळ्यात अवघड काम शेवटी. एकच माणूस हिशोब ठेवतो आणि तिघं खरेदी करतात, अशा घरात वरचं सगळं करूनही आकडा हलत नाही. पहिल्या सात तपासण्यांचे कागद समोर ठेवून सगळ्यांनी एकत्र बसा. कुणी काय आणलं यावर बोलू नका, फक्त तीन गोष्टी ठरवा: यादी कुठे असेल, मधली फेरी कोण करेल, आणि प्रत्येकाला न विचारता घेता येईल अशी रक्कम किती. ही शेवटची रक्कम शून्य ठेवू नका, नाहीतर लपवालपवी सुरू होते आणि नोंदीच खोट्या पडतात. भाव चढउतारासाठी १०० पैकी ५ भाग राखीव ठेवा.

इथे थांबा आणि मदत घ्या

दोन पूर्ण महिने साठा मोजून झाला, नासाडी अगदी थोडी उरली, दर तपासले, तरी साधं पुरेसं जेवण रकमेत बसत नसेल, तर आणखी काटकसर करू नका. प्रश्न किराण्याचा नाही, उत्पन्नाचा किंवा कर्जाचा आहे. किराणा कार्डावर आणि कार्डाचं फक्त किमान बिल भरलं जातंय, जेवणासाठी उसने घ्यावे लागतायत, कुणी जेवण टाळतंय: यातलं एक जरी असेल तरी दोन महिने थांबू नका. कर्जविषयक समुपदेशकाकडे जा. सोबत तीन महिन्यांच्या पावत्या, उत्पन्नाचा कागद, आणि प्रत्येक कर्जाची शिल्लक, व्याजदर आणि हप्ता लिहिलेला तक्ता न्या. अन्नच कमी पडत असेल तर समाजकल्याण कार्यालयात किंवा अन्नमदत करणाऱ्या संस्थेत विचारा. ते मागण्यात कमीपणा नाही.

खरेदी थांबवायची ठरवूनही थांबत नसेल, पाकिटं न उघडताच लपवली जात असतील, तर यादी आणि नियम पुरणार नाहीत. मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक लागेल.

मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, गर्भारपण यांसाठी ठरवून दिलेला आहार असेल तर त्यातली कुठलीही वस्तू डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञाला विचारल्याशिवाय कमी करू नका किंवा बदलू नका. त्याच पोषणाचा स्वस्त पर्याय बऱ्याचदा तेच सुचवू शकतात. आणि बाळाचं पावडरचं दूध पुरवायला त्यात जादा पाणी कधीही घालू नका. पोषण कमी पडतंच, शिवाय रक्तातलं सोडियम धोकादायकरीत्या घसरू शकतं. पावडर संपत आली आणि पैसे नाहीत अशी वेळ आली तर त्याच दिवशी बाळाच्या डॉक्टरांना किंवा आरोग्य केंद्राला सांगा.